डोकं हलवू नका

मी एक जुनी टोपी आहे. ऊन लागू नये म्हणून घालायची नव्हे, आणि एकाने दुसऱ्याला घालायची तर अजिबात नव्हे. ते काम माणसे माझ्यावाचून छान करतात. मी काळ्या, ताणता येणाऱ्या कापडाची टोपी आहे. माझ्या अंगभर भोके आहेत आणि प्रत्येक भोकात शर्टाच्या गुंडीएवढे बटण बसते. काही बटणांतून प्रकाश डोक्यात जातो, काही बटणे परत येणारा प्रकाश टिपतात. मागून वायरींचा असा जुडगा निघतो, की मला घालून आरशात पाहिल्यावर हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिक्षक हसले, वकील हसले, बँकेतले एक फार गंभीर चेहऱ्याचे साहेब होते, तेही हसले.

मित्रांनो, मला एक जुळी बहीण आहे. माझी किनार लाल, तिची निळी. एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसून बायका आम्हाला शिवत. त्यांतल्या एकीने मला प्लॅस्टरच्या डोक्यावर ताणून बसवले, भोकाभोकावरून बोट फिरवले आणि "ही झाली" म्हणून बाजूला ठेवले. मग माझ्याच मापाची दुसरी शिवून आम्हा दोघींना एका खोक्यात घातले. आम्ही जन्मापासून जोडीने कामाला जुंपलेल्या. आमच्यातल्या एकीलाच डोके मिळाले आणि दुसरी रिकामी राहिली, तर त्या दिवशी आमचा काही उपयोग नसे.

त्याचे कारण असे. आम्ही ज्या संशोधन केंद्रात आलो, तिथल्या संशोधक बाईंना एकट्यादुकट्या मेंदूत रस नव्हता. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात तेव्हा दोघांच्या मेंदूंत काय चालते, हे त्यांना पाहायचे होते. त्याच इमारतीच्या तळघरात मेंदूची चित्रे काढणारे एक थोरले यंत्र होते. त्याचा रुबाब विचारू नका. त्याला स्वतंत्र खोली, जाड दार, आणि आत जाणाऱ्याने अंगावरचे सगळे लोखंड बाहेर काढून ठेवायचे. ते मेंदूत खोलवर पाहू शकते हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. माझी नजर वरच्या थरापर्यंतच पोचते. पण त्या यंत्रात माणसाला एकट्याने, आडवे, बोगद्यात झोपावे लागे आणि डोक्याशी सारखा ठणठणाट चाले. आता तुम्हीच सांगा, असे झोपवल्यावर कोण कोणाशी गप्पा मारणार?

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये छोटे टेबल, खिडकीला जाड पडदा. माझे काम समजायला सोपे आहे. पेटवलेली विजेरी मुठीत धरा, बोटे लालभडक दिसतील. प्रकाश मांसातून थोडा आरपार जातो, तो असा. माझा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो कातडीतून आणि हाडातून हळूच आत जातो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे ताज्या रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि मग परत येणारा प्रकाश बदलतो. तो बदल संगणकाच्या पडद्यावर रेघ होऊन सरकत राहतो. माझी रेघ लाल, बहिणीची निळी.

केस मात्र माझे वैरी. प्रकाशाच्या वाटेत एक बट आडवी आली तरी माझे डोळे मिटल्यासारखे होतात. त्यासाठी बाई लाकडाची बारीक काडी घेऊन प्रत्येक भोकातून केस बाजूला सारत. दाट केसांचे डोके असले तर त्यातच बराच वेळ जाई. त्या कधी वैतागल्या नाहीत. एवढ्या हलक्या हाताने त्या भांग पाडत की मोठमोठी माणसे लहानपणीसारखी पेंगायला लागत. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हात पाहिले, पण त्यांच्यासारखा हात पाहिला नाही.

बाईंच्या मदतीला एक तंत्रज्ञ होते. महिनाभराच्या कामासाठी म्हणून आले आणि इथेच राहिले, म्हणून सगळे त्यांना पाहुणे म्हणत. एकदा दोन मैत्रिणी बोलत असताना आमच्या दोन्ही रेघा बराच वेळ एकमेकींच्या सोबतीने वर गेल्या, सोबतीने खाली आल्या. पाहुण्यांनी टाळीच वाजवली. "मॅडम, जुळलं!"

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "बाहेर गाडीचा हॉर्न वाजला असेल. दोघींनी एकच आवाज ऐकला असेल. तेवढ्यानेही जुळतं."

मग त्यांनी त्यातल्या एका मैत्रिणीची रेघ काढून भलत्याच दिवशी आलेल्या, भलत्याच माणसाच्या रेघेशेजारी ठेवली. जी माणसे एकमेकांना भेटलीच नाहीत, त्यांच्याही रेघा तेवढ्याच जुळत असतील तर आनंदाचे कारण काय? असे त्या प्रत्येक वेळी करत. हाती आलेल्या चांगल्या गोष्टीवर आधी आपणच संशय घ्यायचा, ही त्यांची रीत. मला तेव्हा ती जरा रूक्ष वाटे. आता वाटते, एवढी सचोटी फार थोड्यांना जमते.

पण मित्रांनो, एवढ्या सावध बाईंच्या नजरेतूनही एक गोष्ट निसटली होती. डोके हलले की मी जागची सरकते, आणि मी सरकले की रेघ वेडीवाकडी उडी मारते. तेवढा भाग फुकट जातो. म्हणून बाईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती : 'डोकं हलवू नका. हात खुर्चीच्या हातांवर ठेवा.' लोक बिचारे आज्ञाधारक. ते मेणाच्या बाहुल्यांसारखे बसून एकमेकांशी बोलत. आमच्या रेघा स्वच्छ येत, अगदी नजर लागावी अशा. जुळत मात्र क्वचितच. बाईंना वाटे, अजून माणसे कमी पडताहेत.

अशा दिवसांत आमच्याकडे एक बाप आणि त्यांची मुलगी आली.

वडिलांचे केस कापण्याचे दुकान होते. सारा जन्म त्यांनी लोकांची डोकी हातात धरली आणि आरशातून त्यांच्याशी गप्पा मारल्या. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणे गेले. सगळे शब्द गेले आणि एकच शब्द मागे राहिला : 'बरं'. दुकान आता मुलगी चालवत होती. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असत.

"त्यांना काही कळत नाही हो," वडील शेजारी असतानाच मुलगी बाईंना म्हणाली. "चहा हवा? बरं. नको? बरं. घराला आग लागलीय? बरं. दादा म्हणतोय, माझ्याकडे पाठव. त्याचं घर मोठंय, अंगण आहे, माणसं आहेत. पण ते दूर आहे. तिकडे गेले की दुकान काही पुन्हा बघायचे नाहीत ते. म्हणून म्हटलं, एकदा तुमच्या यंत्रात बघू."

"ही टोपी मनातलं वाचत नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना कुठे ठेवायचं हे तर ती मुळीच सांगू शकणार नाही."

"मनातलं नका वाचू. आत कोणी आहे की नाही, तेवढं सांगा."

मी वडिलांच्या डोक्यावर बसले, बहीण मुलीच्या. वडिलांनी भिंतीवरची पाटी पाहिली आणि हसू येऊन त्यांचे खांदे गदगदले. हे त्यांचेच वाक्य होते. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवताना दिवसभर ते हेच तर म्हणत. मुलीच्या ते लक्षात आले नाही. ती पाटीवर लिहिल्याप्रमाणे ताठ बसली आणि समोरच्या भिंतीला सांगावे तशी आठवड्याभराची हकिकत सांगू लागली. तिने काही विचारले की वडील जागचे न हलता "बरं" म्हणत. सपाट, एकसारखे "बरं". हळूहळू तिच्याजवळचे बोलणे संपले.

रेघा स्वच्छ आल्या. दोघी आपापल्या वाटेने गेल्या, कुठेही भेटल्या नाहीत. बाईंनी ते लपवले नाही. पण यावरून त्यांना कळत नाही असे म्हणता येणार नाही, हेही दोनदा सांगितले. मुलीने पहिले तेवढे ऐकले. "म्हणजे दादाचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि वडिलांचा हात धरून त्यांना जिन्याकडे घेऊन गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. डोक्यावर बसून मला एवढे तरी कळले होते, की ते डोके रिकामे नाही. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठरवले, यंत्रातच काही बिघाड नाही ना ते आधी पाहू. त्यांनी मला स्वतः घातले आणि बहीण पाहुण्यांना घातली. नियम तोच. बाई पाहुण्यांना आपल्या घरी नळ फुटला त्याची गोष्ट सांगू लागल्या. गोष्ट मजेदार होती. पाणी शेजाऱ्यांच्या पलंगापर्यंत गेले होते. पाहुणे दगडासारखे बसले होते.

बाई मध्येच थांबल्या. "ऐकताय ना?"

"ऐकतोय."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. शेजारी छत्री उघडून पलंगावर बसले होते, इथपर्यंत त्या आल्या आणि पुन्हा अडखळल्या. "पाहुणे, खरंच ऐकताय ना?"

"अहो ऐकतोय मॅडम! हसू दाबून माझ्या पोटात दुखायला लागलंय. पण मान हलवायची नाही असं तुम्हीच म्हणालात ना?"

मी त्यांच्या डोक्यावर होते, म्हणून मला आतली खळबळ कळली. त्यांनी पाटीकडे पाहिले. मग त्या एकदम हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"काय मूर्खपणा केला मी! गप्पांचा अभ्यास करायला बसले आणि गप्पाच बंद करून टाकल्या. मान हलवायची नाही, हात हलवायचा नाही, हसायचं नाही. मग उरलं काय? आणि त्या माणसाकडे तर एकच शब्द आहे. त्याचं सगळं बोलणं मानेत आणि हातात असणार. तेच मी खुर्चीला बांधून ठेवलं."

इतक्या वर्षांचे काम चुकीच्या पायावर उभे आहे हे कळल्यावर माणसे काय काय करतात! कोणी सारवासारव करतो, कोणी हाताखालच्यावर खेकसतो. बाईंनी पाटी काढली आणि फोन उचलला. "चूक माझी झाली," त्या मुलीला म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना मी बोलूच दिलं नाही. एकदा परत याल?"

मुलगी फारशी खूश नव्हती. भाऊ रविवारी न्यायला येणार होता, बॅग भरून झाली होती. पण बाईंनी चूक कबूल केली याचे तिला नवल वाटले असावे. शनिवारी दुपारी दुकान बंद करून ती वडिलांना घेऊन आली.

त्या दिवशी माझ्यावर आणखी एक पट्टी गुंडाळली होती. वायरी खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधल्या होत्या. बाईंनी काडीने वडिलांचे केस सारले आणि नेहमीचे वाक्य न म्हणता म्हणाल्या, "आज हवं तेवढं हला. आणि ताई, तुम्ही त्यांना आठवड्याची हकिकत सांगू नका. तुमचं खरंच काही अडलंय असं सांगा."

मुलगी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "बाबा, ते मुख्याध्यापक येतात ना? त्यांच्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत. मी कितीही नीट कापले तरी केस उभेच राहतात. परवा आरशात बघून नुसते सुस्कारले आणि गेले. तुमच्याकडून कापून घेतल्यावर नाही हो असं व्हायचं."

"बरं," वडील म्हणाले. पण हे "बरं" वेगळे होते. त्यात भुवया वर गेल्या होत्या आणि मान पुढे आली होती. मुलगी थांबली नाही, उलट खुर्चीत पुढे सरकली.

"मी कंगवा वरून खाली फिरवते."

"बरं!" वडिलांनी जोरात मान हलवली. मी कानापर्यंत घसरले. त्यांनी उजवा हात उचलला, हवेतच एक डोके धरले, अंगठ्याने भोवऱ्याची जागा दाबली आणि दोन बोटांची कात्री उलट्या बाजूने चालवली.

"खालून वर? भोवऱ्याच्या दिशेने?"

"बरं." आता डोळे मिटून, समाधानाने.

"आणि आधी पाणी मारायचं?"

"बरं." खांदे उडवून, तोंड वाकडे करून. म्हणजे नाही. मुलगी खदखदून हसली. "कोरडेच कापायचे? मी तर फवारा मारमारून त्यांची कॉलर भिजवते!" यावर वडीलही हसले, आवाज न करता, सारे अंग हलवून. मग दुकानातल्या एकेका डोक्याचा विषय निघाला. मुलगी विचारी, वडील हातांनी दाखवत, ती चुकली की ते टेबलावर बोटे आपटत. मध्येच काही सुचून ती विचारी : "आणि हे बरं? हे कसलं बरं?"

आमच्या रेघा उड्या मारत होत्या. पण उड्यांच्या मधल्या जागी, दोघे एकमेकांकडे पाहत क्षणभर स्थिर होत तिथे, लाल आणि निळी सोबतीने चालत होत्या. पाहुण्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी ओठांवर बोट ठेवले. एका जोडीवरून काही ठरत नाही हे त्यांना पाठ होते, तरी त्यांची नजर पडद्यावरून निघत नव्हती.

आणि मग मुलगी हसायची थांबली. तिने वडिलांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"बाबा, उद्या दादा येतोय. तुम्हाला त्याच्याकडे जायचंय का?"

इतके महिने हा प्रश्न भावाने बहिणीला विचारला होता, बहिणीने डॉक्टरांना, डॉक्टरांनी पुन्हा भावाला. ज्यांचा प्रश्न होता त्यांना आज पहिल्यांदा कोणी विचारत होते.

वडिलांनी "बरं" म्हटले नाही. त्यांनी मुलीकडे पाहिले आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सगळ्या वायरी खुर्चीवर खडखडल्या, माझी दोन बटणे निघून जमिनीवर पडली, आणि पडद्यावर माझी रेघ अशी काही उसळली की तिचे टोकही दिसेना.

"मॅडम, हा शेवटचा भाग पार गेला," पाहुणे हळूच म्हणाले. "काहीच वापरता येणार नाही."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले. "आपण सगळ्यांनी बघितलं ना?"

मुलीने डोक्यावरची माझी बहीण काढून टेबलावर ठेवली. कपाळावर टोपीचा वळ तसाच घेऊन ती दाराबाहेर गेली आणि तिने भावाला फोन लावला. तिचे बोलणे आत ऐकू येत होते. "दादा, न्यायला येऊ नकोस. म्हणजे ये, पण भेटायला ये. नाही, यंत्रात काही दिसलं म्हणून नाही. बाबा नको म्हणाले. हो, तेच म्हणाले. मी विचारलं त्यांना."

त्यानंतर बाईंनी सगळे काम पहिल्यापासून सुरू केले. हलणारी, हसणारी, एकमेकांचे बोलणे तोडणारी माणसे समोरासमोर बसवली. खराब झालेले भाग निवडून बाजूला काढायला दुप्पट वेळ लागे, पण कोणी कुरकुर केली नाही. मी त्या खोलीत पुष्कळ वर्षे राबले. पुढे बिनवायरीच्या नव्या टोप्या आल्या, त्या घालून लोक बागेत चालता चालताही बोलू लागले, आणि आम्ही दोघी कपाटात गेलो. माझे कापड आता सैल पडले आहे. कोणी नवे आले की बाई कधीतरी खण उघडून आम्हाला दाखवतात, तेव्हा मला माझे फार कौतुक वाटते, ते मी लपवत नाही.

मित्रांनो, एवढी डोकी जवळून पाहिल्यावर माझा माणसांबद्दलचा आदर वाढतच गेला. कातडी, हाड, केस मध्ये असूनही ही मंडळी एकमेकांपर्यंत पोचतात, तेही कुठलीही वायर न जोडता! मला जपा असे मी म्हणणार नाही. टोप्या नव्या शिवता येतात. पण तुमच्या घरात कोणी हळू बोलत असेल, अडखळत असेल, किंवा कोणाकडे एकच शब्द उरला असेल, तर त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नका. त्याच्यासमोर बसा, त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.